‘ख’च्या पोटातला तुकडा

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या बाजारात मालाच्या गोण्यांची थप्पी लागलेली असते. गोणीवर पेढीचं नाव, गावाचं नाव काळ्या रंगात उठवलेलं. जवळ जाऊन पाहिलं तर अक्षरं तुटकी दिसतात. ‘ठ’चं वर्तुळ दोन जागी फुटलेलं, ‘व’च्या पोटाला मध्येच खिंडार. तिथून शिंदखेड्याला यावं आणि एखादी लग्नपत्रिका हातात घ्यावी. तोच ‘ठ’, तोच ‘व’, पण सलग आणि गुळगुळीत. सोनेरी शाईवरून बोट फिरवलं तर अक्षर किंचित उठून लागतं.

गंमत अशी, की दोन्ही कामं एकाच युक्तीची आहेत. आरपार भोक ठेवायचं आणि त्यातून रंग खाली उतरवायचा. मग गोणीवर अक्षर फुटतं आणि पत्रिकेवर फुटत नाही, असं का? चाळिशी लागल्यावर स्क्रीन प्रिंटिंग शिकायला निघालेल्या माणसाने आधी हे कोडं सोडवावं. यंत्र, शाई, थिनर ही सगळी भानगड नंतरची.

पत्रा कापून बघा

तेलाच्या डब्याचा सपाट केलेला पत्रा घ्यावा आणि त्यात ‘शिंदखेडा’ कोरायला बसावं. ‘शिं’ कसाबसा निघतो, ‘द’ही निघतो. गाडी अडते ती ‘ख’पाशी. ‘ख’च्या उजव्या अंगाला ‘व’सारखं बंद पोट आहे. त्या पोटाची रेघ चारी बाजूंनी कापली, की आतला इवला तुकडा टुणकन खाली पडतो. त्याला धरून ठेवायला काही उरतच नाही. आता रंग मारला तर पोटाच्या जागी नुसता गोळा उमटणार.

म्हणून पत्रा कोरणारा कारागीर रेघ पूर्ण कापत नाही. मध्ये एक-दोन बारीक पूल ठेवतो आणि आतला तुकडा त्या पुलांवर लटकत राहतो. पुलाखाली रंग पोचत नाही, अक्षर तिथे तुटकं दिसतं. गोणीवरची खिंडारं म्हणजे ते पूल.

जपानी कारागिरांना हे पूल नको होते. किमोनोच्या कापडावर नक्षी उठवण्यासाठी ते टिकाऊ कागदाचे छाप कोरत आणि सुटे पडणारे तुकडे रेशमाच्या धाग्यांनी जागच्या जागी बांधून ठेवत. धागा इतका बारीक, की रंग त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहून एक होई आणि धाग्याची खूण राहत नसे. इथे कोडं जवळपास सुटलं. एका तुकड्याला चार धागे बांधण्याऐवजी सगळा छापच धाग्यांच्या जाळीवर बसवला तर कोणताही तुकडा कुठेही तरंगत ठेवता येतो. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी 1907 साली रेशमी जाळीतून छपाई करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून आजच्या स्क्रीन प्रिंटिंगचा इतिहास साधारणपणे मोजला जातो.

चाळणीचं कापड

छपाईच्या दुकानात ही जाळी मागताना गिऱ्हाईक ‘बोल्टिंग’ म्हणतं. शब्द इंग्रजी गिरणीतला आहे. बोल्टिंग म्हणजे पीठ चाळणं. युरोपातल्या पिठाच्या गिरण्यांसाठी स्वित्झर्लंडमध्ये एकसारख्या भोकांचं रेशमी कापड विणलं जाई आणि छपाईवाल्यांनी तेच उचललं. आज रेशीम गेलं, नायलॉन आणि पॉलिस्टर आलं, नाव मात्र चाळणीचंच राहिलं.

घरातल्या दोन चाळण्या आठवल्या की बोल्टिंगचे नंबर कळतात. रव्याच्या चाळणीतून जाड माल उतरतो, मैद्याच्या चाळणीतून बारीक. टी-शर्ट किंवा कापडी पिशवी रंग पिते, तिथे सेंटीमीटरला 40-45 धाग्यांची मोकळी जाळी चालते. पत्रिकेवरच्या बारीक अक्षरांना सेंटीमीटरला 100 ते 120 धागे हवेत. जाड जाळी घेऊन ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार छापायला गेलं, तर तो दोन भोकांच्या मध्ये धाग्यावर बसतो आणि दिसेनासा होतो.

नायलॉन पाणी पिऊन सैल होतं. पॉलिस्टर ताठ राहतं. लाकडी फ्रेमवर कापड ताणताना ते ढोलकीच्या पुडीसारखं वाजलं पाहिजे, असं जुने कारागीर सांगतात. नवशिक्याचं कापड पहिल्या खेपेला हमखास ढिलं राहतं.

भोकं बुजवण्याचा उद्योग

ताणलेली जाळी अजून नुसती चाळणी आहे. रंग ओतला तर सगळीकडून गळेल. अक्षर असेल तिथे भोकं उघडी आणि बाकी सगळीकडे बुजलेली, अशी वाटणी करायची आहे. ही वाटणी उजेड करतो.

जाळीवर इमल्शनचा पातळ थर चढवतात. इमल्शन म्हणजे फेव्हिकॉलच्या जातकुळीतला, पाण्यात विरघळणारा चिकट पदार्थ. त्यात थोडं संवेदक रसायन घातलेलं असतं. जुन्या पद्धतीत ते डायक्रोमेट, नव्या तयार इमल्शनमध्ये बहुधा डायझो. डायक्रोमेटवर उजेडाचा परिणाम होतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी 1839 मध्ये दाखवलं. डायक्रोमेट लावलेलं जिलेटिन उजेडात टणक होतं, हे पुढे 1852 मध्ये फॉक्स टॅलबट यांच्या ध्यानात आलं. हे दोघेही छायाचित्रणाच्या मागे लागले होते. पत्रिका छापणाऱ्यांचं भलं त्यांच्या हातून वाटेत झालं.

आत घडतं ते असं. इमल्शनमध्ये लांबलचक रेणूंच्या सुट्या दोऱ्या असतात. पाणी त्यांच्यात शिरतं, दोऱ्या सुटून वाहून जातात. उजेड पडला की संवेदक त्या दोऱ्यांना मध्येमध्ये गाठी मारतं. सुट्या सुतळीचं मासे धरायचं जाळं व्हावं तसं. गाठी पडलेलं जाळं पाण्याने फुगतं, पण वाहून जात नाही.

आता अक्षराच्या जागी उजेड पोचू दिला नाही की झालं. त्यासाठी काळ्याभोर अक्षरांचा पारदर्शक कागद लागतो, धंद्यात त्याला पॉझिटिव्ह म्हणतात. फिल्म महाग पडते म्हणून लेझर प्रिंटरवर बटर पेपर किंवा साधा कागद काढून त्यावर तेल चोळण्याची युक्ती बरेच जण करतात. भज्यांच्या कागदावर तेलाचा डाग पडला की तिथून पलीकडचं दिसू लागतं, तेच हे. कागदाच्या तंतूंमध्ये हवा भरलेली असते आणि तिथे उजेड विखुरतो. हवेची जागा तेलाने घेतली की उजेडाला वाट जवळजवळ सरळ मिळते. खान्देशात त्यासाठी शेंगदाण्याचं तेल दूर नाही.

सुकलेल्या जाळीवर पॉझिटिव्ह, वर काच, फ्रेमच्या आत काळ्या फडक्यात गुंडाळलेला स्पंज, आणि ही सगळी मांडणी उन्हात किंवा ट्यूबलाइटच्या पेटीवर. मग जाळीवर पाणी मारायचं. काळ्या अक्षराच्या सावलीतलं इमल्शन मऊ राहिलेलं असतं, ते विरघळून निघून जातं. जाळी उजेडासमोर धरली की ‘ख’चं पोट दिसतं. आतला तो हट्टी तुकडा धाग्यांवर निवांत बसलेला असतो.

पॉझिटिव्ह उलटसुलट ठेवण्याची चूक जवळपास प्रत्येकाकडून एकदा होते. छापल्यावर वधूचं नाव आरशात वाचावं लागतं आणि पूर्ण दिवस पाण्यात जातो.

आखाजीचं ऊन

पुस्तकातल्या सूचना थंड देशांत लिहिलेल्या असतात. शिंदखेड्यातली लग्नसराई मात्र ऐन उन्हाळ्यातली, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला टेकलेला असतानाची. कामाची गर्दी आणि कामाला सर्वांत वाईट हवा एकाच महिन्यात येतात.

पहिली अडचण डायक्रोमेटची. ते उजेडात कडक होतं हे खरं, पण उष्णतेनेही, अंधारात बसल्याबसल्या, हळूहळू कडक होतं. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कोट केलेली, म्हणजे इमल्शन चढवलेली, जाळी सुकायला ठेवली, की संध्याकाळपर्यंत तिच्यात सगळीकडे गाठी पडायला लागलेल्या असतात. मग उन्हात ठेवा न ठेवा, पाणी मारल्यावर अक्षर मोकळंच होत नाही. नवशिका बिचारा पाण्याचा मारा वाढवतो आणि काठही सोडवून बसतो. उपाय साधा आहे. कोट रात्री करायचा, पिवळ्या दिव्याखाली आणि पंख्याच्या वाऱ्यात, आणि जाळी सकाळीच वापरून टाकायची. पिवळ्या दिव्यात निळा आणि अतिनील उजेड नसल्यातच जमा असतो आणि इमल्शनला दिसतो तो तेवढाच. म्हणून त्या दिव्याखाली ते आंधळं राहतं.

दुसरी अडचण शाईची. शाईतलं थिनर उडून गेलं की शाई सुकते. कागदावर हेच हवं असतं, जाळीत मात्र अजिबात नको. कोरड्या उन्हाळ्यात चहा प्यायला गेलेला माणूस परत येईपर्यंत बारीक अक्षरं जाळीतच बसून गेलेली असतात. त्यावर शाईत थोडं रिटार्डर, म्हणजे हळू उडणारं द्रावण, घालतात. त्याहून कामाची सवय म्हणजे प्रत्येक छापानंतर फ्रेम उचलून, न दाबता, शाईचा एक थर जाळीवर पसरून ठेवायचा. भोकं ओली राहतात, पुढच्या छापाला शाई आधीच दारात उभी असते.

> चौकट : बिघाड कुठे झाला?
>
> धुताना अक्षराबरोबर आजूबाजूचा थरही सुटला, तर उजेड कमी मिळाला. अक्षर उघडलंच नाही, तर उजेड जास्त झाला किंवा कोट शिळा होता. किती वेळ ठेवायचं हे नुसता अंदाज करून ठरवू नये. एकाच जाळीवर पुठ्ठा थोडा थोडा सरकवत पाच वेगवेगळ्या वेळा द्याव्यात, धुवावं आणि सर्वांत स्वच्छ पट्टा कोणता ते पाहावं.
>
> छापावर नको तिथे ठिपके आले तर कोट करताना धूळ बसली होती. जाळी उजेडात धरून ती भोकं इमल्शनच्या थेंबाने बुजवावीत.
>
> अक्षराच्या कडा फुटल्या तर शाई पातळ झाली, किंवा स्क्विजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, दोनदा ओढली.
>
> डायक्रोमेट विषारी असतं, त्यातलं क्रोमियम कातडीला जखमा करतं आणि शरीरात गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे घालावेत, ते पाणी नाल्यात सोडू नये. शिकताना डायझोचं तयार इमल्शन घेतलेलं बरं.

थालीपीठ आणि दोन मिलिमीटर

स्क्विजी म्हणजे लाकडी मुठीत बसवलेली रबराची पट्टी. शाई तिच्यापुढे ठेवायची आणि पट्टी कलती धरून एका दमात ओढायची. पाहणाऱ्याला वाटतं, रबर शाई खाली ढकलतं. ते अर्धंच खरं आहे.

चांगली शाई दह्यासारखी असते. हलवलं नाही तर घट्ट, ढवळलं की पातळ. स्क्विजीच्या धारेखाली तिच्यावर ताण पडतो, ती क्षणभर वाहती होते आणि भोकं भरते. धार पुढे गेली की पुन्हा घट्ट होऊ लागते, म्हणून कागदावर पसरत नाही. हा गुण थिनरचा मग ओतून नासवता येतो. नवशिके तो नासवतातच, कारण पातळ शाई ओढायला सोपी जाते.

भोकं भरली, पण शाई कागदावर कशी यायची? इथे दोन मिलिमीटरची गोष्ट येते. फ्रेम कागदावर टेकवत नाहीत, खाली पुठ्ठ्याचा तुकडा देऊन दोन-तीन मिलिमीटर वर ठेवतात. जाळी कागदाला शिवते ती फक्त स्क्विजीच्या धारेखाली, एका रेषेत. धार पुढे सरकली की मागची जाळी स्वतःच्या ताणाने वर उडते आणि शाई कागदावर सोडून जाते. ओल्या फडक्यावर थापलेलं थालीपीठ तव्यावर पालथं घातल्यावर फडकं एकदम ओढत नाहीत, एका काठाकडून सोडवत जातात. एकदम ओढलं तर थालीपीठ फडक्याबरोबर वर येतं. फ्रेम टेकवून छापली की कागदाचंही तेच होतं, तो जाळीला चिकटून वर येतो आणि अक्षर थरथरल्यासारखं दिसतं. जाळी ढोलकीसारखी ताणायची ती याचसाठी.

जाळीतून उतरणारा थर ऑफसेटच्या थरापेक्षा कितीतरी पट जाड असतो. ऑफसेटची शाई साधारण एक-दोन मायक्रॉन, स्क्रीनची सहज दहा ते तीस. पत्रिकेवरचं सोनेरी अक्षर बोटाला लागतं ते यामुळे, आणि काळ्या टी-शर्टवर पांढरा रंग पांढरा दिसतो तोही यामुळे.

जाड थराचा हा गुण पत्रिकेच्या पलीकडेही पोचला आहे. धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. सिलिकॉनच्या सौर सेलवर ज्या चंदेरी रेषा दिसतात, त्या चांदीच्या लगद्याने जाळीतूनच छापलेल्या असतात, केसाहूनही बारीक. घरात साखर तपासायची पट्टी असेल तर तिच्यातले कार्बनचे मार्गही बहुधा याच चाळणीतून उतरलेले.

डोकं आणि मनगट

मोठ्या माणसाला शिकताना नडतं काय? कानावर येतं ते असं, की आता हात वळत नाहीत. निरीक्षण वेगळं सांगतं. ज्याने घराला चुना दिला आहे, जिने पुरण कितपत आटवायचं हे वर्षानुवर्षं डोळ्यांनी ठरवलं आहे, त्यांना शाईचा दाटपणा शिकाऊ पोरापेक्षा लवकर उमगतो. नडते ती एक कागद वाया गेल्याची हळहळ.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये हस्तकौशल्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात डोकं हाताला पायरी पायरीने हुकूम देतं. दुसऱ्यात चुका कमी होतात, हुकूम त्रोटक होतात. तिसऱ्यात हात आपला आपण चालतो आणि माणूस गप्पा मारत छापतो. सायकल शिकलेल्या कुणालाही हे पटावं. पहिल्या टप्प्यात स्क्विजीचा कोन, दाब, वेग आणि सरळपणा या चारही गोष्टी एकाच वेळी डोक्यात असतात, म्हणून माणूस मध्येच थांबतो. स्क्विजी जिथे थांबते तिथे आडवी पट्टी उमटते. मग ती लपवायला तो दुसऱ्यांदा ओढतो आणि अक्षर जाड होतं.

शिकवणारा पोरगा विशीतला, शिकणारा दुप्पट वयाचा. पोरगा अदबीने म्हणतो, “नाना, घाई कसाले करी राह्यनात?” आणि पुढे जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा ठेवतो. रद्दीवर वीस-पंचवीस छाप ओढले की खांदे खाली येतात. रद्दी वाया गेल्याचं कुणाला वाईट वाटत नाही, हाच तिचा उपयोग.

मोठेपणी हे शिकलेल्यांची उदाहरणं बरीच आहेत. 1930च्या दशकातल्या मंदीत अमेरिकी सरकारने बेरोजगार चित्रकारांना पोस्टरं काढायला लावलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या विभागात अँथनी व्हेलोनिस यांनी दुकानदारी पाट्यांचं हे तंत्र आणलं आणि 1937 मध्ये त्यावर शिकवणारी पुस्तिकाही लिहिली. लॉस एंजेलिसच्या कोरिटा केंट या ख्रिस्ती जोगिणीने तिशी ओलांडल्यावर, 1951च्या सुमारास, हे काम हाती घेतलं. 1985 सालचं अमेरिकेचं ‘लव्ह’ टपाल तिकीट त्यांच्याच चित्राचं.

चाळिशीची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती डोळ्यांची. जाळीतलं बुजलेलं भोक जवळच्या चष्म्याशिवाय दिसत नाही. भिंग घ्यावं, लाज बाळगू नये.

शिकायचं कुठे, छापायचं काय

बहुतेकांनी हे काम कुणाच्या तरी दुकानात उभं राहून शिकलेलं असतं. वर्गच हवा असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, आहेत. कर्नाटकातल्या धर्मस्थळाजवळच्या उजिरे इथे 1982 मध्ये देवस्थान आणि दोन बँकांनी मिळून सुरू केलेल्या संस्थेच्या नमुन्यावर त्या उभ्या राहिल्या. बँका त्या जिल्ह्याजिल्ह्यांत चालवतात, शिकणं, राहणं आणि जेवण मोफत असतं. त्यांच्या अभ्यासक्रमांच्या यादीत फोटो फ्रेमिंग आणि लॅमिनेशनच्या जोडीला स्क्रीन प्रिंटिंगचा दहा दिवसांचा वर्गही आहे. दहा दिवसांत पहिला टप्पा ओलांडतो, एवढं धरून चालावं.

धंद्याचं म्हणाल तर पत्रिका आता मोबाइलवरच जास्त जातात आणि फ्लेक्सने पाट्या कधीच खाल्ल्या. उरलं ते कापड, काच, प्लास्टिक, धातू. राज्यात 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीवर दुकानाचं नाव छापायचं काम वाढलं. गणेश मंडळाचे टी-शर्ट आहेत, बस्त्याच्या पिशव्या आहेत. दहा नगांसाठी फ्रेम बनवणं परवडत नाही, कारण सगळी मेहनत पहिल्या नगाआधीची असते. शंभर-दोनशे नग असले की हे काम जमतं. दोन रंग असतील तर दोन फ्रेमा लागतात आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसवायला कोपऱ्यांत खुणा कराव्या लागतात. पहिल्या वर्षी एकाच रंगावर समाधान मानावं.

काम संपलं की इमल्शन ब्लीचिंगने सोडवतात आणि फ्रेम पुन्हा कोरी होते. पूर्ण कोरी मात्र होत नाही. शाईचा अंश धाग्यांत मुरलेला असतो आणि सकाळच्या उन्हात धरली की पिशवीवरच्या किराणा दुकानाच्या नावामागे मागच्या वैशाखातल्या नवरा-नवरीची नावं फिकट निळी दिसत राहतात.